आमचे ग्लिसरीन कुठे गेले?

हिशेबाचे काम करणारा माणूस हसत नाही, असा एक समज जगात पसरलेला आहे. तो पसरवण्यात आमच्या चेहऱ्यांचा काही वाटा आहे, हे मी नाकबूल करीत नाही. दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजायचे आणि संध्याकाळी स्वतःचे मोजायला घ्यावे तर ते मोजण्याइतके नसायचे, अशा धंद्यात गालाला खळी पडण्याचा संभव कमीच. पण म्हणून आम्हांला आनंद होतच नाही, असे कोणी समजू नये. चौदा रुपयांचा फरक दोन तास शोधावा आणि तो सापडावा, त्या क्षणी हिशेबनिसाला जो आनंद होतो तो गवयाला समेवर येतानाही होत नसेल. फक्त आम्ही तो तोंडाने दाखवत नाही. आकड्यापुढे बरोबरची खूण करून दाखवतो.

हे आजच सांगण्याचे कारण असे, की आमच्या बँकेच्या वरच्या ऑफिसातून (बँकेचे नाव सांगत नाही, अजून बारा वर्षे नोकरी आहे) एक परिपत्रक आले. विषय : 'आनंदी कार्यस्थळ सप्ताह'. मजकूर असा, की सोमवार ते शुक्रवार सर्व कर्मचाऱ्यांनी आनंदी राहावे आणि शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत आनंदाचा अहवाल विहित नमुन्यात पाठवावा. शनिवारी काय करावे याबद्दल परिपत्रक गप्प होते. तो महिन्याचा पहिला शनिवार होता, म्हणजे बँक चालू होती. त्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर राहायचे होते.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या घरी साबण शिजत होता.

आम्ही राहतो करावे गावात. नवी मुंबई म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पामबीच रस्ता आणि त्याच्या कडेचे उंच मनोरे येतात. ते मनोरे आहेत. आमच्या खिडकीतून फुकट दिसतात. आम्ही मात्र गावठाणात, एका आगरी आजींच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने असतो. सिडको आली १९७० साली. गाव त्याच्या कितीतरी आधीचे, आगरी-कोळ्यांचे. एका अंगाला खाडी, जवळच जहाजांवरचे अधिकारी तयार करणारी टी. एस. चाणक्य ही संस्था, आणि तिच्या मागच्या पाणथळीवर हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी. पक्ष्यांपेक्षा कॅमेरे जास्त येतात, पण ते असो.

आमच्या हिच्या बचत गटाने दोन दिवसांचा वर्ग केला होता : वनस्पती तेलांपासून पारदर्शक साबण. वर्ग संपवून ही घरी आली ती वजनकाटा घेऊनच.

"अहो, तुम्ही बी. कॉम. ना? मग हे गणित तुमचं."

मी म्हटले, "पण साबण आणि कॉमर्सचा काय संबंध?"

"सगळा हिशेबच आहे. बाई म्हणाल्या, एक आकडा चुकला तर कातडी निघते."

हे ऐकून मला एकदम ऑफिसात आल्यासारखे वाटले.

वाचकहो, मी वीस वर्षे हिशेब लिहितो आहे, पण साबणाइतका कडक हिशेब मी पाहिलेला नाही. प्रत्येक तेलाचा कॉस्टिक सोड्याचा दर ठरलेला. खोबरेल एक ग्रॅमला ०.१८३ ग्रॅम सोडा खाते, पाम तेल ०.१४१, एरंडेल ०.१२८. आम्ही घेतले खोबरेल ४०० ग्रॅम, पाम ४०० आणि एरंडेल २००. मांडा : ७३.२ अधिक ५६.४ अधिक २५.६, बेरीज १५५.२. एक किलो तेलाला एकशे पंचावन्न ग्रॅम सोडा. जमेला तेल, नावे सोडा, आणि खाते बंद. सोडा वाढला तर तो अंगाला लागतो, तेल वाढले तर साबण गढूळ होतो. सोडा पाण्यात हळूहळू सोडायचा. सोड्यावर पाणी कधीही ओतायचे नाही, नाहीतर ते उसळून अंगावर येते. हा नियम मला लगेच समजला. आमचे मॅनेजरसाहेबही त्याच जातीचे आहेत. आपण हळूहळू त्यांच्याकडे जावे, त्यांना एकदम आपल्यावर ओढवून घेऊ नये.

पहिली खेप फसली, ती माझ्यामुळे. बँकेची सवय वाईट. बुडीत कर्जासाठी तरतूद ठेवावी तसे मी कोणाला न विचारता पाच टक्के तेल जादा घातले. साध्या साबणात हे चालते, किंबहुना तसे करतातच. त्वचेला बरे असते. पण पारदर्शक साबणाला तरतूद मानवत नाही. वडी निघाली ती सरळ बेसनाच्या वडीसारखी. खालून आजी वर आल्या. त्यांनी वडी हातात घेतली, वास घेतला आणि विचारले, "काय शिजवलास गो? बाजारान साबन मिलत नाय कं?"

ही म्हणाली, "आजी, हा आरपार दिसणारा होणार आहे."

"आरपार बगून काय करायचा? आंग धुवायचा कं खिरकी लावायची?"

प्रश्न बिनतोड होता. पण बचत गटाची इभ्रत पणाला लागली होती. दुसऱ्या खेपेला मी एक ग्रॅमही इकडचा तिकडे केला नाही. पाण्याच्या पातेल्यात पातेले ठेवून अडीच तास शिजवले. मग गॅस बंद करून, तो खरोखर बंद असल्याची तीनदा खात्री करून (स्पिरिट ज्योतीची वाट पाहत बसलेले असते), त्यात स्पिरिट आणि साखरेचा दाट पाक घातला. स्पिरिटच्या बाटलीवरून घरात थोडे महाभारत झाले. "वीस वर्षांत घरात थेंब आणला नाहीत, आणि आता साबणाला पाजताय?" असे ही म्हणाली, जणू मला पाजली असती तर तिला चालले असते. पण वडी निघाली आणि आम्ही दोघे गप्प झालो. मधाच्या रंगाची वडी. वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची अक्षरे वाचता येत होती.

आता हे तेलाचे पाणी कसे होते? या प्रश्नाने मला झोप येईना, म्हणून मी वाचले. साबण थंड होताना त्याचे स्फटिक बनतात. त्यांवर प्रकाश विखुरतो आणि वडी दुधी दिसते. स्पिरिट आणि साखर मिळून त्या स्फटिकांना मोठे होऊ देत नाहीत, म्हणून प्रकाश आरपार जातो. एवढेच. म्हणजे पारदर्शक साबण जास्त शुद्ध असतो म्हणून पारदर्शक दिसत नाही; त्याच्यात साखर आणि दारू घातलेली असते म्हणून दिसतो. अँड्र्यू पिअर्सने १८०७ साली लंडनमध्ये असा साबण काढला, तेव्हापासून जग त्या आरपारपणावर भाळलेले आहे. मी हे आजींना सांगितले. त्या म्हणाल्या, "आमचे खारीचा पानी बी कवा कवा नितल दिसतं. म्हनून काय गोर झाला?"

खाडीचे पाणी नितळ दिसले म्हणून गोड होत नाही. हे वाक्य मी मनातल्या डायरीत लिहून ठेवले. पुढे त्याचा उपयोग होणार होता.

पण खरी गंमत पुढेच आहे. तेलाचा कण म्हणजे एक एकत्र कुटुंब असते. मध्ये ग्लिसरीन आणि त्याचा हात धरून तीन मेदाम्ले. ही घरगुती बातमी जगाला नीट सांगितली ती शेव्रल नावाच्या फ्रेंच माणसाने, १८२३ सालच्या ग्रंथात. (हा गृहस्थ १०२ वर्षे जगला, १८८६ साली पॅरिसने त्याची शंभरी साजरी केली. त्याला कोणी आनंदाचा फॉर्म भरायला लावला नसावा.) सोडा आला की कुटुंब मोडते. तिन्ही मेदाम्ले सोड्याबरोबर जाऊन साबण होतात आणि ग्लिसरीन मोकळे होते. आमच्या एक किलो तेलातून असे जवळपास १२० ग्रॅम ग्लिसरीन निघाले असणार. काही लोक वरूनही घालतात; आम्ही घातले नाही. ते साबणातच राहते, आणि अंग धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटत नाही ती त्याच्यामुळे. कोणी ते वेगळे करायला जात नाही, कोणी त्याचे परिपत्रक काढत नाही. बाकीचा हिशेब बरोबर असला की ते आपोआप होते.

मोठ्या कारखान्यांत मात्र मिठाचे पाणी घालून साबण वर काढतात, आणि खालच्या पाण्यातून ग्लिसरीन काढून वेगळे विकतात. ते औषधांत जाते, मलमांत जाते. म्हणजे अंग कोरडे करणारा साबण आधी विकत घ्यायचा, आणि कोरडे झालेल्या अंगाला लावायला त्याच्यातलेच ग्लिसरीन बाटलीतून पुन्हा विकत घ्यायचे. धंदा म्हणून हे उत्तमच आहे. मी कॉमर्सचा माणूस आहे, मला कौतुकच वाटते.

इथपर्यंत आलो आणि माझ्या डोक्यात आमचे परिपत्रक एकदम लख्ख झाले.

सप्ताहाच्या बुधवारी, सायंकाळी साडेपाच वाजता, आमच्या शाखेत एक तरुण आला. त्याचे वय आमच्या काही थकीत कर्जखात्यांपेक्षा कमी होते. त्याने आम्हांला गोल उभे केले आणि हसायला सांगितले. हसण्याला माझा विरोध नाही. हास्यक्लबाची सुरुवात १९९५ साली आमच्या मुंबईतच, अंधेरीच्या एका बागेत झाली, याचा मला अभिमान आहे. पण तिथे माणसे सकाळी, रिकाम्या पोटी, स्वखुशीने हसतात. आम्ही संध्याकाळी, दिवसाची कॅश अर्धी मोजून ठेवून, हजेरीपटावर सही करून हसत होतो. हा हा, हो हो, साडेसातची लोकल गेली. मग फॉर्म वाटले : 'आपण कामाच्या ठिकाणी किती आनंदी आहात? १ ते ५ पैकी आकड्याभोवती गोल करा.' फॉर्मच्या माथ्यावर कर्मचारी क्रमांक लिहायचा होता. आनंद गोपनीय ठेवला जाईल, असे तळाला छापले होते.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आमच्या काउंटरवरच्या मुलीला साडेचार हजार रुपये कमी आले.

ही मुलगी विदर्भातून आलेली, नोकरीला दीड वर्ष झालेले, खारघरला तिघींत एक खोली. कॅश कमी आली की ती कॅशियरने भरायची, हा नियम आहे आणि नियम म्हणून तो मला मान्य आहे. पण त्या दिवशी हेड कॅशियर रजेवर होते आणि त्यांच्या जागी कोणी आलेले नव्हते. शेजारचा काउंटर वर्षभर बंद आहे. तिथे आम्ही कुंडी ठेवली आहे. दुपारभर दोन काउंटरची रांग तिने एकटीने काढली होती. सात चाळीसपर्यंत तिने ती कॅश चार वेळा मोजली. मग फोनवरून भावाकडे पैसे मागितले, ते भरले, दिवस बंद केला, आणि जाताजाता राहिलेला फॉर्म भरून माझ्या टेबलावर ठेवला. तिने पाचाभोवती गोल केला होता. अत्यंत आनंदी.

शुक्रवारी आम्ही पाच जणांनी नऊशे-नऊशे रुपये काढले आणि तिच्यापुढे ठेवले. तिने घेतले नाहीत. म्हणाली, "सर, पैसे नकोत. त्यापेक्षा रोज साडेपाचला कोणीतरी दहा मिनिटं माझ्याबरोबर बसून एकदा कॅश मोजाल का?"

माझ्या या सगळ्या लेखाचा मुद्दा त्या मुलीने एका वाक्यात सांगून टाकला आहे. तिला हसायचे नव्हते. तिला शेजारी एक माणूस हवे होते.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की कामातला आनंद हे ग्लिसरीन आहे. काम आणि माणसे यांचे माप बरोबर असले की ते आपोआप सुटते आणि कामातच मुरते. दुसऱ्याने आपली बेरीज तपासणे, हे ग्लिसरीन. फरक सापडल्यावर सगळ्यांनी मिळून घेतलेला अर्धा कप चहा, हेही ग्लिसरीन. काउंटरपलीकडच्या मासळीवाल्या मावशींनी आपले नाव लक्षात ठेवणे, नव्या मुलाने जुन्या माणसाकडून चेक पारखायला शिकणे, आणि शेवटी दिवस मिटवून उजेड असताना घरी जाणे, हे सगळे ग्लिसरीनच. मी बँकेत येण्याआधी, २०००-०१ साली, सरकारी बँकांतून स्वेच्छानिवृत्तीने हजारो माणसे बाहेर पडली. त्यानंतर यंत्रे आली, ती चांगलीच आहेत. पण एकेक खुर्ची रिकामी होताना तिच्याबरोबर थोडे थोडे ग्लिसरीन गेले, ते कोणत्या खात्यात जमा झाले ते मला सांगता येणार नाही. आता तेच बाटलीत भरून, वर लेबल लावून, आमच्याकडे सप्ताह म्हणून परत पाठवण्यात येत आहे.

कोणी म्हणेल, तुम्हांला जुने दिवस आठवतात. मुळीच नाही. जुन्या लेजरांची धूळ खाऊन दमेकरी झालेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्या सोनेरी काळात दुपारी टेबलावर डोके ठेवून झोपणाऱ्यांचा आनंद गिऱ्हाइकाच्या पदरचा होता. माझा पुरावा अलीकडचा आहे. ८ नोव्हेंबर २०१६. पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि पुढचे कित्येक दिवस आम्ही रात्री दहापर्यंत मोजत बसलो. इतके हाल आयुष्यात झाले नाहीत, आणि ते पुन्हा होऊ नयेत. पण त्या दिवसांत एकाची कॅश कमी आली तर सहा माणसे बाही सरसावून बसत. तेव्हा कोणी आम्हांला आनंदी आहात का म्हणून विचारले नाही. विचारले असते तर मारच खाल्ला असता. तरीही रात्री शिल्लक जुळली की शाखेत जी आरोळी उठे ती रस्त्यावर ऐकू जाई.

दुसरे कोणी म्हणेल, निदान सप्ताहाने वातावरण तरी पारदर्शक होते. त्यांना मी आमच्या आजींकडे पाठवीन. फॉर्मवरचा पाचाचा आकडा नितळ आहे, त्यातून पलीकडचे सगळे दिसते, फक्त ते खारे आहे. साखर आणि स्पिरिट घालून वडी आरपार करता येते; पण आधी तेल आणि सोड्याचे माप चुकलेले असले, तर वडी कितीही सुंदर दिसो, अंगाला लावल्यावर ती जाळतेच.

आमच्या शाखेतली तिजोरी आणि लोखंडी कपाट गोदरेजचे आहे. आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलुपे करायला घेतली आणि पुढे १९१८ मध्ये, साबण म्हणजे जनावराची चरबी असे समीकरण असताना, निव्वळ वनस्पती तेलांचा साबण केला. सांगतात की त्यांनी आधी 'नंबर दोन' साबण बाजारात आणला आणि मग 'नंबर एक'. दुसरा इतका चांगला तर पहिला किती, असे लोकांना वाटावे म्हणून. मला या माणसाची गोष्ट आवडते ती अशासाठी, की त्याने जाहिरात नंतर बदलली, पण आधी पातेल्यात काय जाते ते बदलले. आमच्याकडे पातेल्याला कोणी हात लावत नाही. वेष्टन मात्र दरवर्षी नवे.

म्हणून मी फॉर्ममधल्या 'सूचना' या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिले : 'एक, बंद काउंटरवर माणूस द्यावे. दोन, रजेवरच्या माणसाची बदली द्यावी. तीन, कॅश बंद करताना दुसरे माणूस शेजारी असावे. एवढे केल्यास आमच्यातून काढून घेतलेले ग्लिसरीन आम्हांला परत मिळेल. सप्ताहाची गरज पडणार नाही.' आणि फॉर्मसोबत, नमुना म्हणून, साबणाची एक वडी साहेबांना दिली. साहेबांनी ती दिव्यापुढे धरली, परिपत्रकावर ठेवली, आरपार वाचून पाहिले आणि खूश झाले. म्हणाले, "वा! याला म्हणतात ट्रान्स्परन्सी." मी म्हटले, "साहेब, पाचसहा आठवडे वापरू नका. अजून स्पिरिट उडायचे आहे." साहेबांनी वडी घाईघाईने खणात टाकली.

महिन्याभराने वरच्या ऑफिसचे उत्तर आले. 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. प्रथमोपचार पेटीतील औषधे (ग्लिसरीन इ.) यांची मागणी स्वतंत्र नमुन्यात, शाखाप्रमुखांच्या शिफारशीसह करावी.'

तो नमुना मी मागवला आहे. तोवर रोज साडेपाचला मी माझे टेबल आवरून त्या मुलीशेजारी स्टूल ओढतो. ती पाचशेच्या गड्ड्या मोजते, मी शंभराच्या. गेल्या मंगळवारी दोनशेचा फरक आला. माझ्याच गड्डीत दोन नोटा चिकटलेल्या निघाल्या. ती हसली. किती हसली, हे मी कुठल्याही फॉर्मवर लिहिलेले नाही.